हजेरीपटावरचं नाव

आजचा शास्त्रभाग: प्रकटीकरण 3:1-6



आज लिहायला उशीर झालाय. शास्त्रभाग सकाळी सहाला वाचला होता, आता रात्रीचे साडेदहा वाजलेत. मधे तीनदा लिहून खोडलं. तिन्ही वेळा लिहिता लिहिता "आजकालच्या मंडळ्या" कडे गाडी वळत होती, आणि मला ठाऊक होतं की मी पळतोय. सार्दीसचं हे पत्र आज मला दुसऱ्या कुणाबद्दल लिहिता येणार नाही.

संडे स्कूलमध्ये आम्हाला हजेरीचं कार्ड असायचं. एका बाजूला मेंढपाळाचं चित्र, दुसऱ्या बाजूला बावन्न चौकोन. आलात की बाई चौकोनात शिक्का मारायच्या. नाताळच्या कार्यक्रमात पूर्ण हजेरीवाल्यांना बक्षीस मिळायचं, स्टीलचा डबा नाहीतर कंपासपेटी. मी तीन वर्षं सलग बावन्न शिक्के मिळवले. चौथ्या वर्षी कांजिण्या निघाल्या आणि एक्कावन्नवर अडकलो, त्याचं दुःख कांजिण्यांपेक्षा जास्त होतं. पुढे तरुण संघाचा सेक्रेटरी झालो, गिटार आली, उपासनेत गाणी घ्यायला लागलो. दृढीकरण, प्रभुभोजन, शिबिरं, सगळं झालं. मंडळीच्या वहीत माझं नाव पणजोबांपासून चालत आलेल्या कुटुंबाच्या पानावर आहे. कुणी मला "नावाचा ख्रिस्ती" म्हटलं असतं तर मला हसूच आलं असतं. ते लोक वेगळे. नाताळ आणि ईस्टरला नवे कपडे घालून मागच्या बाकावर बसणारे, लग्न आणि मयतीपुरती मंडळी आठवणारे. मी पुढच्या बाकावरचा, किंबहुना बाकाच्याही पुढचा, माईकवाला.

आता सार्दीस. प्रकटीकरणातल्या सात पत्रांपैकी हे मला सगळ्यात थंड वाटतं. स्मुर्णाच्या मंडळीचा छळ होत होता. पर्गममध्ये खोटी शिकवण होती, थुवतीरात ईजबेल होती. सार्दीसमध्ये यातलं काहीच नोंदलेलं नाही. छळ नाही, पाखंड नाही, भांडण नाही. सगळं सुरळीत. बाहेरून पाहणारा म्हणाला असता की मंडळी असावी तर अशी, जिवंत! आणि प्रभू म्हणतो की तुमची ख्याती तशी आहे खरी, पण आत प्राण नाही.

हे शहर आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात होतं. कधीकाळी लुदिया राज्याची राजधानी. जवळून वाहणाऱ्या पाक्तोलस नदीत सोनं सापडायचं आणि इथला राजा क्रोएसस श्रीमंतीसाठी प्रसिद्ध होता. शहराचा बालेकिल्ला उंच कड्यावर होता, तो कुणी जिंकू शकणार नाही असं लोक धरून चालले होते. इ.स.पू. 546 च्या सुमारास इराणच्या कुरूश राजाने वेढा घातला. हेरोडोटसने त्याची गोष्ट सांगितलीय. किल्ल्यावरच्या एका शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं, ते आणायला तो कड्यावरून उतरला आणि परत वर गेला. शत्रूच्या एका सैनिकाने ती वाट बघून ठेवली. त्या बाजूला पहाराच नव्हता, कारण तिकडून कोण येणार? किल्ला पडला. आणि पुढे तीनशेहून जास्त वर्षांनी अँटिओकस तिसरा याच्या वेळेला तोच किल्ला जवळजवळ तसाच, पहारा नसलेल्या बाजूनेच, पुन्हा पडला. आपण मराठी माणसं, कड्यावरून चढून घेतलेल्या किल्ल्यांच्या गोष्टी ऐकत मोठे झालेलो. आपल्याला हे लगेच कळतं. प्रभू या शहरातल्या लोकांना "जागे व्हा" आणि "मी चोरासारखा येईन" असं सांगतो, तेव्हा त्यांच्या मनात कोणता कडा उभा राहिला असेल ते वेगळं सांगायला नको.

माझा पहारा नसलेला कडा ऑफिसमध्ये होता.

मी इथे आजवर ऑफिसबद्दल फारसं लिहिलेलं नाही. कंपनीचं नाव लिहिणार नाही, आणि ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचंही नाही. तो माझ्या टीममध्ये नवीन होता. मराठवाड्यातल्या एका छोट्या गावातून आलेला, पहिलीच नोकरी, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. मला "दादा" म्हणायचा. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण त्याला ते जमायचं नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी विमा कंपनीच्या कामाचा एक बदल लाइव्ह करायचा होता. टेस्टिंग अर्धवट होतं. त्याने मला विचारलं, "दादा, राहिलेलं तपासून सोमवारी करूया का?" मला साडेसातला गायनाच्या सरावाला पोचायचं होतं. मंडळीत. मी म्हणालो, "मी बघितलंय, काही होत नाही, सोडून दे." मी बघितलेलं नव्हतं. रिव्ह्यूच्या जागी मी न उघडताच "मंजूर" करून टाकलं होतं. त्याने सोडलं. शनिवारी पहाटे काही हजार ग्राहकांना हप्त्याच्या चुकीच्या रकमेचे संदेश गेले.

सोमवारी मीटिंग झाली. मॅनेजरने विचारलं, हे लाइव्ह कुणी केलं? नोंदीत नाव त्याचं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे. त्याची नजर जाब विचारणारी नव्हती, वाट बघणारी होती. त्याला वाटलं मी आता बोलेन. मी बोललो. म्हणालो, "प्रोसेस नीट फॉलो झाली नाही. पुढच्या वेळी काळजी घेऊ."

हे वाक्य नीट बघा. यात खोटं काहीच नाही. प्रोसेस नीट फॉलो झाली नव्हतीच. अशी वाक्यं आपल्याला छान जमतात. खोटं न बोलता खोटं बोलण्याचा हा प्रकार मी बहुतेक संडे स्कूलमध्येच शिकलो असेन, कारण तिथे सरळ खोटं बोललं की बाई कान धरायच्या.

त्यानेही माझं नाव घेतलं नाही. का, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. मी गाणी घेतली. शेवटच्या गाण्यात माझे डोळे भरून आले, आवाज दाटला. उपासना संपल्यावर दोन काकूंनी येऊन हात हातात घेतला, आज खूप आशीर्वाद मिळाला म्हणाल्या. कुणीतरी त्या गाण्याचा व्हिडिओ काढला होता, तो मी इन्स्टावर टाकला. संध्याकाळी लाइक केलेल्यांची नावं खाली सरकवत होतो आणि त्यात त्याचं नाव दिसलं. सोबत हात जोडलेली एक इमोजी.

मित्रांनो, मला या एका मुद्द्यावर थोडं थांबायचंय, कारण मला वाटतं आपली पिढी इथेच फसते. मी ढोंग करत नव्हतो. ते अश्रू खरे होते. ग्लिसरीन घालून आणलेले नव्हते. त्या क्षणी प्रभूबद्दल मला जे वाटत होतं ते मला खरंच वाटत होतं. आणि त्याच वेळी, त्याच छातीत, सोमवारचं ते वाक्य जसंच्या तसं शाबूत होतं. दोघांचं एकमेकांशी काही भांडण नव्हतं. शेजारी शेजारी, भाडेकरूंसारखे, सुखाने राहत होते.

आपण म्हणतो की जुनी मंडळी कोरडी. छापील उपासनापद्धती, ठरलेली उत्तरं, तोंडपाठ प्रार्थना. त्यात मन नाही, म्हणून ते नावाचे. आणि आपण मनापासून गातो, हात वर करतो, रडतो, म्हणून आपण खरे. मीही असंच समजत होतो. पण भावना खरी असणं आणि विश्वास खरा असणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला त्या इमोजीने शिकवलं. तोंडपाठ शब्दांच्या मागे माणूस लपू शकतो, तसा खऱ्या अश्रूंच्या मागेही लपू शकतो. उलट तिथे जास्त चांगला लपतो, कारण तिथे त्याला स्वतःलाही शोधता येत नाही.

यावर माझी आजी मला आठवते.

आजी नगर जिल्ह्यातल्या गावी राहायची. तिथे चर्चला कुणी चर्च म्हणत नाही, "देऊळ" म्हणतात. शनिवारी संध्याकाळी देवळाची झाडलोट तिची. तिला सगळ्यांसमोर प्रार्थना करता यायची नाही, साक्ष द्यायला सांगितलं तर पदर तोंडाला लावून खाली बसायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी सगळे उठून पुढे गेले आणि आजी बाकावरच बसून राहिली. मला वाटलं तिला बरं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आज नको." घरी जाताना ती आमच्या वाटेने आलीच नाही, वरच्या आळीला वळली, तिच्या जावेकडे. दोघींचं आठवड्यात काहीतरी वाजलं होतं, पाण्यावरून की शेळीवरून, आता आठवत नाही. मला ओसरीवर बसवलं आणि आत गेली. बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या आणि चहा झाला. एवढंच. यावर तिने मला काही शिकवण दिली नाही. मत्तय पाचव्या अध्यायात वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जाण्याबद्दल प्रभू सांगतो, ते वचन तिला पाठ होतं की नाही हेही मला माहीत नाही.

दहा वर्षांनी मी एका तरुणांच्या शिबिराहून आलो. नवीन नवीन आग होती. मी आजीला विचारलं, "आजी, तुझं तारण कधी झालं? तारीख सांग." आजी म्हणाली, "मला माझ्या जन्माची तारीख ठाऊक नाही बाळा, ही कुठली सांगू? देवळाच्या वहीत बघ, असली तर असेल." मी त्या रात्री माझ्या डायरीत लिहिलं होतं की आजी नावाची ख्रिस्ती आहे आणि तिच्यासाठी प्रार्थना केली पाहिजे. ती डायरी अजून आहे माझ्याकडे. फाडून टाकावीशी वाटते, पण ठेवलीय.

त्याच शिबिरात मी पंडिता रमाबाईंची गोष्ट पहिल्यांदा ऐकली, आणि नंतर कितीतरी सभांमध्ये स्वतः सांगितली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती माहीत असेल. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेज इथे झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवांसाठी झगडत होत्या, शिव्याशाप खात होत्या. आणि अशा बाई आपल्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. हे उमगायला एक पुस्तक कारण झालं, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाच्या आयुष्याचं. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्ड्यू गावचा पाळक. 1851 मध्ये एका रविवारी तो व्यासपीठावर उभा राहिला, ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटतं या परूश्यांना विचारलेल्या प्रश्नावर बोलायला लागला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की ज्यांना हा प्रश्न विचारला होता त्या परूश्यांपेक्षा आपण वेगळे नाही. स्वतःच्याच उपदेशाने तो पालटला. लोकांतून कुणीतरी ओरडलं की अहो, आपला पाळकच पालटला!

मी ही गोष्ट काठीसारखी वापरायचो. "बघा, रमाबाईंसारख्यांना आठ वर्षं लागली, मग नुसतं चर्चला येणाऱ्या तुमचं काय?" समोरचे लोक खाली बघायचे आणि मला बरं वाटायचं. आता ती गोष्ट पुन्हा वाचताना एक साधी गोष्ट दिसली जी मला इतकी वर्षं दिसली नव्हती. रमाबाईंनी हे स्वतःबद्दल म्हटलं. वाँटेजच्या सिस्टर्सबद्दल नाही, पुण्यातल्या ख्रिस्ती लोकांबद्दल नाही. हॅस्लमनेही स्वतःबद्दलच म्हटलं. "नावाचा ख्रिस्ती" हा शब्द उत्तम पुरुषी एकवचनात वापरला तर औषध आहे, बाकी सगळ्या ठिकाणी बहुतेक वेळा विष.

निदणाच्या दाखल्यात प्रभू नोकरांना उपटायला मनाई करतो, कारण निदण काढताना त्यासोबत गहूही उपटला जाईल. मी शिबिरातून परत येताच पहिल्यांदा उपटायला घेतलं ते गव्हाचं रोप होतं, आणि ते माझ्या घरातलं होतं.

सार्दीसच्या पत्रातही हेच आहे. तिथे थोडे लोक असे आहेत की ज्यांनी आपले कपडे मळवलेले नाहीत. प्रभू त्यांना बाहेर पडून दुसरी, खरी मंडळी काढा असं सांगत नाही. आणि बाकीच्यांना म्हणतो की जे मरणाच्या पंथाला लागलंय पण अजून उरलंय, त्याला बळकट करा. उरलेलं म्हणजे काय? मला वाटतं त्यात हजेरीसुद्धा येते. सवय म्हणून जाणं, सवय म्हणून गुडघे टेकणं, सवय म्हणून "आम्हाला क्षमा कर" म्हणणं. माझ्या हातात त्या सात आठवड्यांत तेवढंच उरलं होतं. मी काही मित्रांसारखं "नुसता धर्म नको, नातं हवं" म्हणून सवयींना लाथ मारली असती, तर मला जागं करायला काहीच शिल्लक राहिलं नसतं. मला जागं केलं ते छापील पुस्तकातल्या पापांगीकाराच्या प्रार्थनेने. दर रविवारी तीच. करायला हवं होतं ते केलं नाही अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. एका रविवारी ते माझ्या घशात अडकलं आणि पुढचं मला म्हणताच आलं नाही. त्या दिवशी मी प्रभुभोजनाला पुढे गेलो नाही. गिटार स्टँडला लावली आणि बाकावर बसून राहिलो.

हो, सात आठवडे. तेवढा वेळ लागला. आणि त्या सात आठवड्यांत मी काही निर्ढावल्यासारखा झोपत नव्हतो. रोज रात्री देवाची क्षमा मागत होतो. मनापासून. देवाची क्षमा मागायला मला काहीच अडचण नव्हती, कारण देव मॅनेजरला सांगायला जाणार नव्हता.

तुमच्यापैकी काही जण इथे म्हणतील की तारण कृपेने आहे, कृत्यांनी नाही. इफिसकरांस दुसरा अध्याय मलाही पाठ आहे, आणि मी तो सोडलेला नाही. कबुली दिली म्हणून मला क्षमा विकत मिळाली असं मी म्हणत नाहीये. जक्कयाच्या घरी प्रभू आधी गेला, चौपट परत करायचं जक्कय नंतर बोलला. क्रम तोच. पण जक्कय जर म्हणाला असता की प्रभू, तू घरी आलास, जेवलास, माझं मन भरून आलं, आता त्या लोकांच्या पैशांचा विषय कशाला, तर तो दिवस त्या घरात तारणाचा दिवस ठरला असता का? मला प्रामाणिकपणे वाटतं की नसता. मी प्रभूला घरी जेवायला बोलावून ज्यांना लुबाडलं त्यांना दारातच उभं ठेवलं होतं.

पेत्राचं उदाहरण मला जास्त जवळचं आहे. त्यालाही प्रभूबद्दल खरं प्रेम होतं. अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभं राहून त्याने तीनदा नाकारलं, मग बाहेर जाऊन ढसाढसा रडला. त्या रडण्याने गोष्ट संपत नाही. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात समुद्राच्या काठावर प्रभू त्याच्यासाठी पुन्हा कोळशाचा विस्तव करून ठेवतो. मूळ ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवाचा हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी आलाय. तोच धूर, तोच वास. त्या विस्तवापाशी पेत्राला पुन्हा तीनदा विचारलं जातं. रडून झालेल्या माणसालाही प्रभूने त्या जागी परत नेलं.

माझी जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची काचेची मीटिंग रूम.

मी मॅनेजरला गाठलं आणि सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "आता कशाला काढतोस? फाइल बंद झालीय." माणूस वाईट नाही, त्यांना खरंच कळेना की मला काय हवंय. मी म्हणालो, मी लेखी देतो. त्यांनी खांदे उडवले. मी मेल लिहिला, एचआरला सोबत ठेवून. "प्रोसेस" हा शब्द कुठेच वापरला नाही. "मी" हा शब्द नऊ वेळा आला, मोजला. परिणाम व्हायचा तो झाला. माझ्याकडची टीम काढून घेतली, यंदाची बढती गेली. नोकरी आहे. घरी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आणि त्या पोराचं काय?"

त्या पोराचं असं झालं होतं की प्रोबेशन संपताना त्याला कायम केलं नाही. तो गावी परत गेला होता. मी सातव्या आठवड्यात शहाणा झालो, तो पाचव्या आठवड्यात सामान बांधून गेला. हे दोन आठवडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

या पत्रात "नाव" हा शब्द मूळ भाषेत चार वेळा आलाय. एकदा सार्दीसची ती खोटी ख्याती म्हणून. एकदा कपडे न मळवलेल्या थोड्या नावांसाठी. आणि शेवटी दोनदा: जो विजय मिळवतो त्याचं नाव जीवनाच्या पुस्तकातून खोडलं जाणार नाही, आणि प्रभू स्वतः पित्यासमोर, देवदूतांसमोर त्याचं नाव घेईल. आज सकाळी मी इथे अडकलो. प्रभू भरसभेत आपलं नाव घेणार आहे. आणि मी? एका छोट्या सभेत, जिथे फक्त सात माणसं होती, मला माझंच नाव घ्यायचं होतं. दुसऱ्याचं नाव खोडलं जाऊ नये म्हणून. तेवढंच.

त्याला फोन केला. पहिल्या दोन वेळा त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. मी सगळं सांगितलं, मेलचंही सांगितलं, माफी मागितली. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो म्हणाला, "ठीक आहे सर."

सर.

मी विचारलं, मी काय करू शकतो? मला वाटलं तो काही म्हणणार नाही. पण तो म्हणाला, "सर, कंपनीकडून एक लेटर मिळेल का? ती चूक माझी नव्हती एवढं लिहिलेलं. मुलाखतीत विचारतात ना, सहा महिन्यांत का सोडलं म्हणून." मी म्हणालो, मिळवतो. फोन ठेवताना त्याने मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. मी ते मागायलाही नको होतं, असं आता वाटतं.

लेटरसाठी एचआरला तीन मेल झाले. एकदा समक्ष भेटलो. असं लेटर देण्याची पद्धत नाही म्हणतात. उद्या वरच्या बाईंना भेटायची वेळ मिळालीय, दुपारी साडेतीनची. माझ्या सहीचं एक पत्र मी त्याला आधीच पाठवलंय, पण कंपनीच्या कागदावरचं वेगळं असतं. तोपर्यंत ओळखीच्या दोन ठिकाणी त्याचा बायोडेटा दिलाय आणि तिथे काय झालं होतं तेही सांगून ठेवलंय. मंडळीत पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी गाणी घेणं थांबव असं म्हटलं नाही. मीच म्हणालो, काही दिवस बाकावर बसतो.

ज्यांना जमेल त्यांनी उद्या साडेतीनला एक मिनिट प्रार्थना करा. माझ्यासाठी नको, त्या लेटरसाठी करा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण प्रभूला ते माहीत आहे.

उद्याचा शास्त्रभाग: प्रकटीकरण 3:7-13